मेंढरांनी दाबलेली सडक

परवा बारामतीच्या बाजारतळावर लागलेल्या तंबूत मी एक बोलपट पाहिला. त्याचं नाव लिहीत नाही. माझ्या हातून त्याची फुकट जाहिरात व्हायला नको. बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'आपल्याच मुलखातील फटफटीवीराची सत्यकथा'. आत पाहिलं ते असं : तेल लावून केस मागं वळवलेला एक गोरागोमटा तरुण फटफटीवर बसतो आणि पेटीच्या सुरावर पद म्हणतो. तेवढ्यापुरता फटफटीचा आवाज कुठं गडप होतो, देव जाणे. वेगाच्या विक्रमाच्या दिवशी त्याची प्रेयसी परक्याच्या बग्गीत बसलेली दिसते. याचा हात सुटतो. एक उदार बागाइतदार धावत येतो, याचं डोकं मांडीवर घेतो आणि हा मरतो. मरण्यापूर्वी आणखी एक पद.

तंबूत बायका मुसमुसत होत्या. पुढच्या खुर्चीवर तो खराखुरा बागाइतदार फेटा बांधून बसला होता. बोलपटाच्या मंडळींची सगळी बडदास्त त्यानंच ठेवली होती. खेळ संपल्यावर लोकांनी वळून त्याला हात जोडले, आणि त्यानं मान लववून ते नमस्कार घेतले. मला तिथंच उठून ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. न ओरडण्यातच माझा जन्म गेला आहे.

ज्याच्यावर हा बोलपट बेतला तो धोंडी कोकरे मेलेला नाही. तो इंदापुरात पिठाची गिरणी चालवतो. रंगानं काळा आहे आणि त्याला गाता येत नाही. प्रेयसीबियसी काही नव्हती. लग्नाची बायको होती, सखू, आणि ती त्या दिवशी बग्गीत नव्हती, सडकेच्या टोकाच्या माळावर मेंढरं आवरत होती.

बोलपटात कालव्यावरचा एक विनोदी कारकूनही आहे. छत्री सावरता सावरता तो पाटात पडतो. लोक खो खो हसले. शेजारच्या ओळखीच्या माणसानं मला कोपर मारलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तुमीच जनू!" मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची मला किळस आली, म्हणून हे लिहितो आहे.

आधीच सांगून टाकतो. धोंडीचा हात सुटला नव्हता. सडक ओली होती, आणि ती ओली होऊ देणारा माणूस मी.

त्या वेळी मी कालव्यावर पाण्याच्या पाळ्या लावत असे. कुणाच्या उसाला कोणत्या दिवशी पाणी, ते ठरवून त्याप्रमाणं चारीचं, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या छोट्या पाटाचं, दार उघडायला लावायचं. काम कारकुनाचं, पण कालव्याच्या मुलखात पाणी सोडणाऱ्याला लोक वाकून रामराम करतात. मला त्या रामरामांची चटक लागली होती. धोंडी तेवढा वाकत नसे.

त्याचा बाप मेंढरं घेऊन दर साल कोकणात उतरणारा. मोठ्या लढाईत धोंडी भरती झाला आणि बसऱ्याकडे गेला. तिथं पलटणीची टपालं पोचवताना फटफटी शिकला. परत आला तो काळा चष्मा घेऊन. तो चष्मा पटक्यावर चढवलेला असे, देवळातसुद्धा. बारामती–इंदापूर सर्व्हिस मोटारीवर तो ड्रायव्हर होता. रिकाम्या वेळी, लष्करानं मोडीत काढलेली एक फटफटी त्यानं कुठूनशी आणली होती, ती उकलत बसायचा. अंगाला कायम रॉकेलचा वास. माणूस मुळीच नम्र नव्हता. भांडकुदळ, फुशारकीखोर, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होऊ न देणारा. गाडीवान बाजू देईना तर खाली उतरून त्याच्या बैलांची माफी मागे आणि गाडीवानाच्या आईमाईचा उद्धार करी.

माणसांची पारख तो मोटारीच्या गेरांवर करी. "सावकाराचा पोरगा? पयला गेर. आवाज लई, जातोय कुठं!" मामलेदार दुसऱ्या गेरातले. स्वतःच्या बायकोला तो टॉप गेर म्हणे, तेही तिच्यासमोर, आणि ती "मेलं तुमचं त्वांड" म्हणून हातातली काठी उगारी. एकदा मोटार अड्ड्यावर दहा माणसांत कुणीतरी विचारलं, "आन् आपलं भाऊसाहेब?" धोंडीनं माझ्याकडं नीट पाहिलं. म्हणाला, "बॅक गेर. सायेब दिसला की आपसूक पडतोय."

अड्डा हसला. मी चहाचा कप खाली ठेवून निघून गेलो. त्याचं म्हणणं खोटं असतं तर मी इतका दुखावलो नसतो.

दौंडहून बारामतीला येणाऱ्या छोट्या गाडीशी त्यानं लावलेली शर्यत पुष्कळांना आठवत असेल. बोलपटात त्या जागी मुंबईतली कुठलीशी विलायती गाडी घातली आहे, धूर सोडणारी, खऱ्याहून तिप्पट लांब. खरी गोष्ट अशी की, गार्ड त्याला म्हणाला होता, "तुझी फटफटी म्हणजे पत्र्याचा डबा." धोंडी गाडीबरोबर दौंडाहून सुटला, शिर्सुफळच्या बाजूनं खड्ड्याखड्ड्यांतून आला, आणि गाडी बारामतीत शिरली तेव्हा फलाटावर मांडी घालून बसला होता. हातात दोन कप. एक गार्डापुढं धरून म्हणाला, "घ्या पाव्हणं. तुमच्यापायी गार झाला." गार्ड चिडण्याऐवजी चहा प्याला, आणि पुढं दोघांची दोस्ती झाली. धोंडीशी दोस्ती अशीच व्हायची, आधी अपमान करून घेऊन.

विक्रमाचं वेड पुण्याहून आलं. तिथं साहेबलोकांचा मोटारसायकलींचा एक क्लब होता. धोंडी त्यांच्या शर्यती पाहायला गेला. दोरीच्या आत गेला म्हणून एका साहेबानं त्याला हमाल समजून पेट्रोलचे डबे उचलायला लावले. त्यानं उचलले. परत आल्यावर दोन दिवस फटफटी उकलत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तितं भिंतीवर एक फळी हाय. मैलाला सगळ्यात जोरात कोन गेला, त्याचं नाव तिच्यावर लिवत्यात. सगळी नावं त्यांचीच. धोंडी बिरा कोकरे, मुक्काम सणसर, एवढं लिवायला जागा हाय. म्या बघून आलोय."

त्यानं एका शिकलेल्या माणसाकडून क्लबाला विचारलं. क्लबानं हसतच कबूल केलं : सरळ, सपाट मैलाची सडक दाखवा, आम्ही घड्याळं घेऊन येऊ. खेड्यात असली सडक कुठून येणार, असा त्यांचा हिशेब.

सणसरच्या पुढं कालव्याच्या कडेनं मुरमाची एक वाट होती. सरळ, पण उसाच्या गाड्यांनी चिरलेली. सडक दाबायचा रूळ मागितला तर बांधकामवाल्यांनी दिला नाही. मग धोंडीनं जे केलं ते धनगराच्या पोरालाच सुचावं. त्यानं वाटेवर मुरूम पसरला, कालव्याचं पाणी बादल्यांनी शिंपडलं, आणि भावाचा अख्खा कळप त्या मैलभर वाटेवरून या टोकाहून त्या टोकाला फिरवला. पुढं सखू, मागं कुत्री, मध्ये बें बें करणारा लोकरीचा लोंढा. पुन्हा पाणी, पुन्हा मेंढरं. खळं करताना बैल फिरवतात तसंच, पण मेंढराचा खूर बारीक, तो खोलवर दाबतो. शेवटी त्यानं शेणकाला केला आणि वरून हात फिरवला. गावानं टर उडवली. "धोंडीराव, फटफटी चालवतायसा का लेंड्या इकतायसा?" महिन्याभरानं तीच सडक वाजवली तर ठण्ण बोले. क्लबाचा साहेब पाहणीला आला, त्यानं बुटाची टाच आपटली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "गुड."

फक्त एक खोड होती, आणि ती धोंडीनं स्वतःच मला सांगितली. "भाऊसाब, वाळली तर दगड. भिजली तर साबन. त्या दिशी तेवढं पानी आवरा." आयुष्यात त्यानं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हणालो.

आता त्या बागाइतदाराकडं यावं लागतं. नाव लिहिलं तर हे कुणी छापणार नाही, म्हणून तात्यासाहेब म्हणतो. सडकेच्या एका अंगाला कालव्याची चारी, दुसऱ्या अंगाला तात्यासाहेबांचा ऊस. सडकेखालची मोरी बुजली होती. ती साफ करण्याऐवजी त्यांचे गडी मातीचे दोन बांध घालून पाणी सरळ सडकेवरूनच पलीकडं नेत. वर्षानुवर्षं तसंच चाले. विक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तात्यासाहेब घोड्यावरून माझ्या बिऱ्हाडापुढं आले. उतरले नाहीत.

"भाऊसाहेब, ऊस करपतोय. आज दार उघडा."

"पाळी परवाची आहे, तात्यासाहेब. आणि उद्या सकाळी धोंडीची..."

"पोराटोरांचे खेळ बघून ऊस वाढतो काय? रातभर घेतो. उजाडायच्या आत बंद. सडक वाळंल की."

माझ्या बढतीचा शब्द ते वर टाकणार होते. तोंडानं त्याचा उच्चारही झाला नाही, इतकं ते आमच्यात ठरलेलं होतं. पण सगळा दोष बढतीवर घालून मी सुटू पाहणार नाही. अड्ड्यावरचं ते हसणं माझ्या पोटात होतं. बरं, जरा चिखल उडाला तर उडू दे, असं मनात आलं. मी म्हणालो, "घ्या."

सकाळी माझी नेमणूक सडकेच्या मध्यावर होती, बरोबर त्या चारीपाशी. धोंडीनंच मागून घेतली होती, पाण्याचा माणूस पाण्यापाशी असावा म्हणून. हातात दोन निशाणं. सडक ठीक असेल तर पांढरं, नसेल तर तांबडं. सगळी गर्दी दोन्ही टोकांना अडवलेली, मध्ये मी एकटा. पाणी बंद झालं होतं, बांधही काढले होते, उजवी कड सुकत आली होती, पण डाव्या अंगापासून पार मधापर्यंत सडक चकाकत होती. मी पायानं चाचपली. चप्पल सटकली.

तांबडं निशाण माझ्या काखेत होतं. ते दाखवलं असतं तर साहेब येऊन विचारणार, पाणी कुणी सोडलं? मी सूर्याकडं पाहिलं, वाळेल असं स्वतःला सांगितलं, आणि पांढरं वर केलं.

तो आला. याहून जास्त लिहिता येत नाही. तो पूर्वेकडं तोंड करून येत होता, ऊन डोळ्यांवर. टाकीवर इतका वाकलेला की पटका आणि यंत्र वेगळं दिसेना. एवढं सुंदर मी काही पाहिलेलं नाही, आणि ते पाहताना निशाण माझ्या हातात होतं. ओलीवर पुढचं चाक आडवं झालं. तरी त्यानं गाडी काही अंतर उभी धरली. मग फटफटी एकीकडं आणि तो एकीकडं, उसात.

मी हाललो नाही. लोक धावत येण्याआधी तात्यासाहेबांचे दोन गडी उसातून निघाले आणि त्यांनी ओलीवर पाट्या भरभरून कोरडी माती टाकली. एकानं जाता जाता मला डोळा मारला. मग तात्यासाहेब आले. डोकं मांडीवर घेतलं, हे बोलपटातलं खरं आहे. बघणाऱ्यांची तोवर दाटी झाली होती.

चौकशीत साहेबानं विचारलं, "रोड ड्राय?"

मी म्हणालो, "ड्राय."

तेवढ्यावर निकाल लागला. चालवणारा कचरला, हात सुटला. साहेबलोक घड्याळं घेऊन गेले. धोंडीचा उजवा पाय गुडघ्यापासून ताठ झाला, ड्रायव्हरी गेली. अड्ड्यावर पोरं दोन्ही हात सोडून थरथरायची नक्कल करू लागली. तो माणूस त्यांच्या अंगावर धावून गेला असता तर मला बरं वाटलं असतं. तो मान खाली घालून जाई. मग गाव सोडून सासुरवाडीच्या आधारानं इंदापूरला गेला. मला बढती मिळाली.

बोलपट पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी इंदापूरची मोटार धरली.

गिरणी भर बाजारात आहे. इंजिनाचा धडधडाट, पट्टा फिरतोय, पाचसहा बाया दळण घेऊन बसलेल्या, आणि पिठानं पांढरा झालेला धोंडी जात्यावर वाकलेला. मागच्या अंगणात ती फटफटी होती. पुढचं चाक धरणारा काटा सुटा करून पोत्यावर मांडलेला.

सखूनं मला ओळखलं. म्हणाली, "दर अवसेला गिरनी बंद असती, तवा उकलून बघत्यात. काय चुकलं त्ये हुडकत्यात. काय बी घावत न्हाय. मग जेवत न्हाईत."

मी आत गेलो. म्हणालो, "धोंडीराव, सडक ओली होती."

"काय?"

"सडक! ओली होती!"

त्यानं इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की बायांच्या बांगड्या ऐकू आल्या.

"आता बोला."

मी बोललो. तात्यासाहेब, रात्रीचं पाणी, निशाण, माती, साहेबापुढची साक्ष. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. त्याच्या बाबतीत हे मला नवं होतं.

"कुठल्या अंगाला व्हती वल?"

"डाव्या. मधापर्यंत."

"तुमास्नी दिसत व्हती?"

"दिसत होती."

तो पोत्यावर बसला. "सहा वरसं या हातास्नी शिव्या घातल्या म्या. पोरगं सायकल मागतंय, घिऊन दिली न्हाय. म्हनलं, बापाचा हात कच्चा, त्याचाबी असंल." मग आवाज चढला. "पाय गेला त्याचं मला काय न्हाय. पायाचं मी कवाच भागवलं. ह्ये हात तुमी नेलंसा, भाऊसाब. आन् बोलपटात म्या मेलो म्हनं! मला इचारलं व्हतं कुनी, मरू का म्हून?"

एक म्हातारी म्हणाली, "आरं धोंडिबा, दळान?"

"आज दळान न्हाय, आत्ती. आज ह्यास्नी दळायचं हाय." त्यानं कुबडी घेतली. "उठा."

मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर मी आभार मानले असते. त्यानं मला बाहेर काढलं आणि शेजारच्या न्हाव्याच्या दुकानापुढं उभं केलं. "सांगा. मला सांगितलं तसंच."

मी सांगितलं. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. "मंजी ह्यो भ्याला न्हवता व्हय? आन् आमी इतकी वरसं हसलो त्याचं काय करायचं आता?"

"त्ये तुमी बघा," धोंडी म्हणाला. "चला फुडं."

शिंप्याकडं सांगितलं. पानवाल्याकडं सांगितलं. मोटार अड्ड्यावर सांगितलं, तिथं मला दोन वेळा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा आवाज निघाला नाही. भांड्यांच्या दुकानातला म्हातारा घाबरून हात जोडायला लागला. "भाऊसाहेब, कायबी बोला, पन तात्यासाहेबांचं नाव नगा घेऊ हितं."

"घ्या," धोंडी म्हणाला. "वडिलांच्या नावासकट घ्या."

मी घेतलं. रस्त्यावरची माणसं थांबली. मला दरदरून घाम आला होता, घसा फाटला होता. मी म्हणालो, "धोंडीराव, आता पुरे. बाकीचं उद्या सांगतो."

त्यानं मागं पाहिलंसुद्धा नाही. ताठ पाय फेकत, कुबडी दणादण टेकत तो इंदापूरच्या भर बाजारातून असा निघाला होता की गाईवासरं बाजूला होत होती. मी धावत होतो तरी अंतर वाढतच होतं. मी वळणावर पोचलो तेव्हा तो पार टोकाच्या दुकानाच्या पायरीवर चढून कुबडीनं फळी ठोकत होता. "अवं शेट, निजता काय? बाहीर या! ह्यो मानूस मागनं येतोय, त्यो काय सांगतोय त्ये आयका!"